कोरी सोंगटी

ओनोमे धापा टाकत आली, तेव्हा मिसान खासगी तपासनीस मादाम एबिएरेंच्या कचेरीत शेंगदाणे सोलत बसला होता. कस्टममधून निवृत्त झाल्यापासून तो मादामची गाडी चालवी आणि प्रत्येक प्रकरणात त्यांच्याआधी चोर ओळखायचा प्रयत्न करी. अजून एकदाही जमलं नव्हतं.

"आंटी, सहा वाजता मला चोर ठरवणार आहेत," ओनोमे मादामना म्हणाली.

साडेचार होऊन गेले होते. समोरच्या शाळेच्या सभागृहात आज स्क्रॅबलचा अंतिम सामना होता आणि अर्धं सापेले शहर तिथं लोटलं होतं. पहिले दोघे राष्ट्रीय संघातून नैरोबीला जाणार होते; त्यांची नावं सहा वाजता फोनवर स्क्रॅबल संघटनेला कळवायची होती. ओनोमेनं उफुओमाला नऊ गुणांनी हरवलं. पण शंभर सोंगट्यांच्या संचात दोन कोऱ्या असतात, हव्या त्या अक्षराच्या जागी चालणाऱ्या. पटावर एकच आली होती. सोंगट्यांची थैली रिकामी झाली तरी दुसरीचा पत्ता नाही. उफुओमानं गदारोळ केला, पंच ब्रुमे यांनी सगळ्यांच्या पर्स आणि पिशव्या तपासल्या आणि ती कोरी सोंगटी ओनोमेच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात निघाली.

रस्ता ओलांडताना मादामनी तिला एकच विचारलं, खेळताना काही विचित्र वाटलं का. ओनोमे म्हणाली, कागदावर प्रत्येक सोंगटीचा एक चौकोन असतो, अक्षर दिसलं की आम्ही तो खोडतो. शेवटी शेवटी एका अक्षरासाठी चौकोनच उरला नव्हता. घाईत आपलीच चूक झाली असेल, असं तिला वाटलं. तिनं कागद दाखवला. मादामनी तो पाहून घडी घातली.

सभागृहात गलका होता. पट कोणी हलवला नव्हता. सापडलेली कोरी सोंगटी ब्रुमेंच्या खिशातल्या पाकिटात बंद होती. मादाम पटावरून बोट फिरवत राहिल्या, मग उफुओमाकडे उरलेल्या दोन सोंगट्यांपाशी थांबल्या.

"मिसान, पटावरचे शब्द वाच बरं."

मिसाननं वाचायला घेतलं. TOE, GARI, VEX. गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, म्हटल्यावर दुपारी जेवण राहिल्याचं त्याला आठवलं. मग FROG, QUILT, NIGHT, WAGE. पुढचे मादामनी वाचू दिलेच नाहीत.

ब्रुमेंनी सांगितलं, सामन्याआधी दोन्ही खेळाडूंसमोर सोंगट्या पालथ्या ठेवून दहा-दहांच्या रांगांत मोजल्या, शंभर भरल्या. नंतर मोजल्या का? चोरीचा माल हाती लागल्यावर मोजायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या मोजणीआधी, जेवणाच्या सुट्टीत, संच टेबलावरच होता.

उफुओमा सुट्टीभर सभागृहात सराव करत होता. तो फणकारून म्हणाला, "मी हरलो म्हणून बोलतोय असं वाटेल तुम्हाला. वाटू दे."

एदिरिन तिसरी आलेली. ओनोमेची जिवलग मैत्रीण, एकाच खोलीत राहणारी. रडून तिचे डोळे सुजले होते. सुट्टीत सगळ्यांच्या पर्स आणि पिशव्या सांभाळत तीही इथंच होती. ती म्हणाली, ओनोमे असं करणारच नाही, आणि तिच्या जागी मला जावं लागलं तर मी तिच्यासाठीच खेळेन.

मिसान मादामच्या कानाशी लागला. उफुओमाच. मिशांवरूनच कळतं.

मादामनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी ब्रुमे, उफुओमा आणि एदिरिनला समोर बसवलं. जानेवारीत संघटनेनं सगळ्या पट्टीच्या खेळाडूंना आणि पंचांना एकाच बनावटीचे संच वाटले होते. सामन्याचा संचही त्यातलाच. मादाम म्हणाल्या, आपापला संच काढा. मी सहा अक्षरं सांगते, शब्द शोधा आणि मांडून दाखवा. G, G, G, E, I, L.

"GIGGLE," एदिरिन सगळ्यांत आधी म्हणाली.

तिघांनी सोंगट्या ओतल्या. ब्रुमे आणि उफुओमा ढीग उपसून एकेक G शोधू लागले. एदिरिननं दोन G लावले, तिसऱ्याच्या जागी कोरी सोंगटी ठेवली आणि हात मागे घेतला. मोजून दहा सेकंदांत.

"तिसरा G का नाही शोधलास?" मादामनी विचारलं.

एदिरिननं घाईघाईनं ढिगात बोटं घातली.

"ज्याला ठाऊक नसतं तो आधी शोधतो," मादाम म्हणाल्या. "आता मोजू या."

पटावर अठ्ठ्याण्णव सोंगट्या होत्या. उफुओमाच्या दोन मिळून शंभर. पाकिटातली धरली तर एकशे एक. मादामनी उलगडा केला. ओनोमेनं खेळताना कोरी सोंगटी लपवली असती तर टेबलावर नव्याण्णव उरल्या असत्या. म्हणजे ती खेळाआधीच काढली होती, आणि मोजणी चुकू नये म्हणून तिच्या जागी दुसऱ्या संचातली सोंगटी टाकली होती. कोणती? ओनोमेच्या कागदावर चौकोन कमी पडला तो G चा. संचात G तीनच असतात; मिसाननं वाचलेल्या शब्दांत, पटावर चार वेगवेगळ्या ठिकाणी, चार G होते. तेव्हा ज्याच्या संचात दोनच G उरलेत, त्यानं हे केलं.

मादामनी एदिरिनच्या ढिगातली सोंगटी न् सोंगटी उलटून दाखवली. तिसरा G नव्हताच.

"तीन वर्षं तिसरी आले," एदिरिन खाली बघत म्हणाली. "ओनोमे हरली असती तरीही गेलीच असती. मी कधीच गेले नसते."

 ओनोमेनं खोलीची एकमेव किल्ली पर्समधून काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुझं सामान तूच घेऊन जा, मी आज घरी येणार नाही. 

ब्रुमेंनी घसा खाकरला. सदोष संचावर झालेला सामना रद्द धरायला हवा होता. कोणी काही म्हणायच्या आत ओनोमेच पटासमोर बसली. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. प्रत्येकी पंचवीस मिनिटं, जेमतेम बसत होतं. लोक बाकांवर उभे राहिले. मिसान भूक विसरला.

तो सामना उफुओमानं चार गुणांनी जिंकला. 

सहाला संघटनेचा फोन वाजला. ब्रुमे नावं सांगू लागणार, तोच उफुओमानं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आधी ओनोमेचं नाव लिहा," तो म्हणाला. "आणि नीट लिहा. दुपारी मी ते खराब केलं होतं."