सारवलेली कानोशी

भिंतीला कान असतात, ही म्हण काळ्या आजाराच्या मोहिमेने फारच मनावर घेतली होती. आजार सरकत सरकत वैनगंगेच्या पट्ट्यात पोहोचला, तेव्हा तिथल्या प्रत्येक मातीच्या घरात बटणाएवढी ‘कानोशी’ बसली. वाळूमाशी उडाली की कानोशी पंखांच्या नादावरून तिची जात ओळखी. आजार पसरवणारी जात असेल तर लाल दिवा, नाहीतर हिरवा. औषधाची पेटीसुद्धा लाल घरातल्या रुग्णासाठीच उघडे.

कीटकतज्ज्ञ रेवती गेडाम पारबता शेंडेंच्या ओसरीवर बसली, तेव्हा तिच्यात उठायचंही त्राण नव्हतं. सकाळपासून सगळी घरं हिरवीच. समोर पारबताची नात ओवी तापाने निपचित पडलेली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेले. रक्ताच्या चाचणीत काळा आजार निघाला होता. पेटी मात्र ढिम्म.

“दिवा हिरवा आहे, आजी. पेटी माझं ऐकत नाही.”

“मंग पोरगी अशीच जाऊ द्याची का, मॅडम?”

या नोकरीचा रेवतीला वीट आला होता. ती भिंतीला टेकली.

“अवो, टेकू नका! ओली हाय. पोळ्यासाठी सारवली कालच.”

पाठीला गार शेण लागलं. रेवतीने वळून पाहिलं. दिव्याभोवती हळदकुंकू होतं, पण त्याखालची ऐकायची जाळी कुठेच दिसेना.

“दरसाली सारवतो जी. पण दिवा नाही झाकू देल्ला. सरकारी वस्तू हाय.”

काहीच ऐकू आलं नाही, तरी कानोशी हिरवीच राही. कोणी जाळीच लिंपून टाकेल, हे बनवणाऱ्यांना कधी सुचलंच नव्हतं. रेवतीने नखाने जाळीवरचं शेण खरवडलं आणि वाट पाहत बसली. दिवेलागणीला माश्या उडू लागल्या आणि दिवा लाल झाला. पेटी उघडली. ओवीला पहिली मात्रा देताना रेवतीला रडू आवरेना.

तेवढ्यात जिल्ह्याहून फोन आला. “मॅडम, अख्खा तालुका हिरवा आहे. उद्या आजारमुक्तीची घोषणा आहे. तुमचं एकच घर लाल दिसतंय. यंत्र बिघडलंय का?”

रेवतीने गल्लीकडे पाहिलं. पोळ्यासाठी सारवलेल्या भिंती ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर हिरवा दिवा. त्यांतल्या किती घरांत आणखी एखादी ओवी निजली असेल?