तिसऱ्या घंटेचा दोर

लेस्टर शहराची बस चुकली, त्यात पाऊस लागला, म्हणून एडविन नेदर थॉर्पलीच्या चर्चच्या दारात आडोशाला उभा राहिला. नोकरी शहरात, खोली या गावात. ओळखीचं कुणीच नाही. एवढ्यात दार उघडून एका मुलीने डोकं बाहेर काढलं.

"हात रिकामे आहेत ना तुमचे? मग वर या. एक माणूस कमी पडतोय."

ती टॅम्सिन. मनोऱ्यात घंटा सहा, वाजवणारे पाच, आणि एडविनला 'नाही' म्हणायची सवय नव्हती. तेव्हापासून दर मंगळवारी तो सरावाला जाऊ लागला.

काम वरवर सोपं. आपल्या आधीच्या माणसाच्या हातांकडे बघायचं. त्याने दोर ओढला की मग आपण. एडविनच्या आधी होते म्हातारे मिस्टर गॅस्कॉइन. पण त्याची नजर जायची समोरच्या टॅम्सिनकडे... मग दोन घंटा एकदमच वाजायच्या आणि सगळं गाव ऐकायचं. आपल्या प्रेमाची दवंडी हा गृहस्थ स्वतःच पिटत होता.

"पुन्हा चुकलात तर तुमचा दोर सुटला म्हणून समजा," घंटावाल्यांच्या प्रमुख मिसेस पार्जिटरनी बजावलं. "शनिवारी लग्न आहे."

शनिवारी नवरानवरी चर्चबाहेर आले, आणि एडविन चुकला. असा चुकला, की खाली नवऱ्याने दचकून वर पाहिलं.

मिसेस पार्जिटरनी दाराकडे बोट दाखवलं, तसा एडविनने कोट उचलला. टॅम्सिनने त्याला जिन्यात गाठलं.

"पळताय?"

"हाकललंय मला."

"कुणाकडे बघत होतात?"

"गॅस्कॉइन आजोबांकडे..."

"खोटं! इतकं टक लावून तर त्यांच्या बायकोनंही त्यांना पाहिलं नसेल."

एडविनला हसू आलं नाही. मनोरा सुटला की ही मुलगीही सुटली, एवढंच त्याला कळत होतं.

"तुझ्याकडे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. आवडतेस तू मला — झालं? आता जाऊ दे."

त्याच्या हातातला कोट काढून घेत टॅम्सिनने वर हाक मारली, "बाई, याला एक शेवटची संधी द्या! माझी दुसरी घंटा, याला तिसरी द्या. मग माझ्याकडे बघणं हे याचं कामच होईल."

मिसेस पार्जिटर पुटपुटल्या, पण सहावा माणूस त्यांनाही हवाच होता.

रविवारी सकाळी घंटा सुरू झाल्या. एडविन मन लावून टॅम्सिनच्या हातांकडे बघत होता. काही चुकेना. मिसेस पार्जिटर समाधानाने मान डोलावणार, तोच दोन घंटा एकदम खणकल्या.

"कोण ते?" बाई कडाडल्या.

लहानपणापासून कधीही न चुकलेली टॅम्सिन कानापर्यंत लाल झाली होती. तिने बघायचं होतं पहिली घंटा वाजवणाऱ्या मिसेस पार्जिटरकडे. ती बघत होती एडविनकडे.

"मी..." ती म्हणाली.

खाली बसथांब्यावरची मंडळी एकमेकांकडे बघून हसली. या वेळी चूक कुणाची, ते गावाने घंटेच्या आवाजावरूनच ओळखलं होतं.