सातवी चूक

साठ प्रती अजून उबदार होत्या. झेरॉक्सवाल्या काकांच्या हातून तिने गठ्ठा घेतला, वरच्या कागदावर सहज नजर टाकली आणि मग तो पुन्हा नीट वाचला.

तिच्या चुका कुणीतरी दुरुस्त केल्या होत्या.

चुका तिच्याच, लाडाकोडात वाढवलेल्या. काल्पनिक रंगकारखान्यातल्या आगीबद्दल कंपनीचं प्रसिद्धिपत्रक तिने स्वतः लिहिलं होतं आणि त्यात सात चुका पेरल्या होत्या. पत्रकारितेच्या मुलांनी त्या शोधायच्या, कॉर्पोरेट कम्युनिकेशनच्या मुलांनी पत्रक नव्याने लिहायचं. चार वर्षं ती असे सराव रचत आली होती. बेचाळीस सराव, बेचाळीस लेकरं. मुलं पाठीमागे तिला सरावबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आणि आज, अर्ध्या तासात, विभागप्रमुख तिचा तास बघायला येणार होते. तिच्या सरावांचं पुस्तक करायचं, की बाहेरून आलेलं तयार पुस्तक लावायचं, ते आज ठरणार होतं.

"काका, हे कुणी केलं?"

काकांनी हनुवटीनेच खिडकीकडे दाखवलं. तिथे एक उंच माणूस उभा होता. एका बाहीचं बटण तुटलेलं, आणि बोटांत तिचं लाल पेन… बाबांचं पेन. बाबा आयुष्यभर वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. निवृत्तीच्या दिवशी ते पेन त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. सकाळी घाईत ते ती मूळ कागदावरच विसरली होती.

"तुमचं पत्रक का हे?" तो आनंदाने पुढे आला. "बरं झालं माझ्या नजरेस पडलं. अहो, यात बंब आग लागायच्या दहा मिनिटं आधीच पोहोचलाय."

"मीच पोहोचवला होता."

"आणि चौदा अधिक सोळा, बत्तीस कामगार—"

"वरचे दोन मीच जन्माला घातले."

तो थांबला. कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कागद उलटला. प्रश्न मागच्या पानावर होते.

"म्हणजे हा… सराव होता."

"होता. साठ जणांसाठी. तुम्ही एकट्याने सोडवलात. शाबास."

त्याचे कान लाल झाले, अगदी पेनाच्या शाईसारखे. "मी कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा नवा शिक्षक. आजच आलो. आठ वर्षं कंपनीची पत्रकं लिहिली, तपासली. चूक दिसली की हात थांबतच नाही हो."

ती बोटाने मोजत होती. एक, दोन, तीन… सहा. पुन्हा मोजलं. सहाच. आणि मघापासून आवळलेले तिचे ओठ हळूच सैल झाले.

"किती दुरुस्त केल्यात?"

"सगळ्या."

"सहा."

"मग सहाच असतील."

"सात आहेत."

"शक्यच नाही," तो म्हणाला. लाजेची जागा आता अभिमानाने घेतली होती. "दाखवा."

"दाखवू कशाला? वर्गात या. प्रमुखांच्या शेजारी जागा आहे. तुम्हीही सोडवा."

नवीन प्रती काढायला वेळ होता. पण ती निघाली, त्याच साठ प्रती छातीशी धरून. सात दाण्यांतला एकच उरला होता. तो उगवला नाही तर सगळं शेत हातचं जाणार होतं.

"हे पत्रक एका अनुभवी माणसाने तपासलंय," तिने वर्गाला सांगितलं. "तरी यात एक चूक आहे. वीस मिनिटं."

साठ माना खाली गेल्या. मागच्या बाकावरची एकसष्टावीही, नव्या शिक्षकाची. कुणी आकडे जुळवले, कुणी तारखा पडताळल्या. दहा मिनिटं गेली. पंधरा. विभागप्रमुखांनी वही मिटली. तिने घड्याळाकडे पाहिलं, पण कसलाही इशारा दिला नाही.

तिसऱ्या ओळीतली एक मुलगी अर्धवट उठली. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मॅडम… चूक म्हणायची का, माहीत नाही. पण यात यंत्रं किती जळाली ते आहे. काम कधी सुरू होणार ते आहे. मालकांना वाईट वाटलं, तेही आहे. तीन कामगार भाजले, एवढंच एक वाक्य. ते आता कसे आहेत, काय म्हणतात… त्यांना कुणी विचारलंच नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सरावबाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. चार वर्षांचं पेरलेलं असं एका पोरीच्या तोंडून डोलत वर आलं होतं.

"बस बाळा," ती कशीबशी म्हणाली. "हीच सातवी."

विभागप्रमुखांनी वही पुन्हा उघडली, एक ओळ लिहिली. जाताना दारात म्हणाले, "ते बाहेरचं पुस्तक परत पाठवतो. त्यात एवढी चांगली चूक नाही."

वर्ग रिकामा झाला. तो मात्र तिथेच, कागदाकडे बघत.

"आठ वर्षं," तो हळू म्हणाला. "असली पत्रकं मी ढिगाने लिहिली. आकडे चोख. आणि ते वाक्य… एकदाही नाही."

"आता शिकवाल ना ते?"

"तुम्ही मला शिकवलंत तर."

"फार अभ्यास असतो माझ्याकडे."

"मला घाई कुठंय?" त्याने पेन पुढे केलं. घेताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ते न लागल्यासारखं केलं.

मग ती पेरायची, तो वेचायचा. समोर चहा निवून जायचा. त्रेचाळीस, पन्नास, साठ सराव झाले. आठ महिन्यांनी पुस्तक छापून आलं. बाबांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, तिचं नाव दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे खालचं नाव कुणाचं गं?"

"आहेत एक. चुका बऱ्या शोधतात."

"हं. छापण्याजोगे आहेत का?"

ती नुसतीच हसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर एक कागद होता. प्रसिद्धिपत्रक.

'कॉर्पोरेट कम्युनिकेशनचे एक शिक्षक गेल्या आठ महिन्यांपासून सरावबाईंच्या प्रेमात असल्याचे समजते. पहिल्याच दिवशी त्यांचे कान लाल झाले होते; झेरॉक्सवाले काका साक्षीदार आहेत. सदर शिक्षकांना उर्वरित आयुष्य सरावबाईंच्याच चुका शोधण्यात घालवायचे आहे.'

तिने मान वर केली. दारात तो उभा. बाहीचं बटण अजून तुटलेलंच.

"महिने बरोबर," ती लाल पेन उघडत म्हणाली. "साक्षीदारही ठीक."

"मग?"

"एक चूक आहे. फार मोठी."

"…कोणती?"

"जिच्याबद्दल बातमी आहे, तिला कुणी विचारलंच नाही."

"मुद्दाम सोडलीय," तो म्हणाला. पुढे येऊन टेबलाशी थांबला. "सातवी."

तिने कागद ओढला. बाबांच्या पेनाने तळाशी सावकाश एक ओळ लिहिली आणि त्याच्याकडे सरकवला.

'संबंधित व्यक्तीने या वृत्ताला दुजोरा दिला आहे.'

त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कान हळूहळू लाल होत गेले.

"साठ प्रती काढू?"

"एकच काढ," ती म्हणाली. "बाबांना तपासायला द्यायचीय."