टाकीतून वाफ कशी?

"करिष्मा, टाकीतून वाफ येतेय! कुणी चहा ठेवलाय का आत?" कुंपणाच्या तारेतून डोकं घालून सत्यम ओरडला.

"हळू बोल, गाढवा!" करिष्मानं त्याची कॉलर ओढली.

नाताळच्या सुट्टीत मळवलीच्या ओढ्यात खेकडे धरायचा त्यांचा बेत होता. पण ओढ्यात रिसॉर्टची घाण उतरलेली! रिसॉर्टच्या सांडपाण्याची टाकी करिष्माचे पप्पा, दत्ता, सांभाळायचे. "पाण्यात हवा सोडायचं मशीन बंद करून झोपलास, म्हणून टाकी सडली!" असं म्हणत मॅनेजरनं परवा त्यांना सगळ्यांदेखत हाकललं होतं.

पप्पा आणि झोपले? शक्यच नाही!

ती दोघं आणि त्यांची मैत्रीण यशोधरा, अशी तिघं तारेखालून आत सरपटली. मशीन तर घरघरत होतं! पण एरवी चॉकलेटी दिसणारं पाणी काळं पडलं होतं आणि लाँड्रीच्या बॉयलरचा नवा पाइप थेट टाकीत सोडलेला होता.

"अय्या, हात भाजला!" यशोधरा किंचाळली. "अगं, टाकीतले जंतूच तर घाण खातात! थंडीत ते जरा मंदावतात, पण इतक्या गरम पाण्यात मरतीलच ना!"

करिष्मा सरपंच नंदाबाईंना घेऊन आली, त्यांना दाराआड उभं केलं आणि साळसूदपणे ऑफिसात शिरली.

"साहेब, शाळेचा प्रोजेक्ट आहे. टाकीतले जंतू मारायचे कसे हो?"

मॅनेजर फुलले. "सोप्पंय! थंडीत वास सुटला, पाहुणे कुरकुरले. तो दत्ता म्हणे, थांबा जरा. मी कशाला थांबतोय? उकळतं पाणी सोडलं! घरी आई दुधाची बाटली उकळते ना, तसं!"

"आन् आळ दत्तावर व्हय?" नंदाबाई आत आल्या. "आमची गुरं त्याच ओढ्याला पितात! काढा तो पाइप, आत्ताच्या आत्ता!"

मॅनेजरचा चेहरा पडला. "पाइप काढतो. पण दत्ताच्या जागी माणूस ठेवलाय. त्याची काही चूक नसताना त्याला कसा काढू?"

"माझ्या पप्पांना काढलंत, तसाच!" करिष्मा म्हणाली.

मॅनेजर पाइप काढायला माणूस शोधत बाहेर सटकले. नंदाबाईंनी तिची पाठ थोपटली. "वाघीण हाय पोर!"

घरी पप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मला बोलावलं न्हाई ना?"

करिष्मानं नाही अशी मान हलवली.

"शाब्बास, पोरी. लय भारी काम केलंस." दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि पायात चपला सरकवल्या. आंबीच्या कारखान्याच्या गेटवर रोजंदारीची माणसं घेतात म्हणे; पण रांग लवकर धरावी लागते.