एक नंबरचा दगड

"ती चोर आहे, मी सांगतो ना," शंकासुर कुंपणाआडून कुजबुजला.

शंकासुराचं खरं नाव वेगळंच होतं, पण जिथे तिथे शंका काढायच्या खोडीमुळे घरात त्याला त्या नावाने कुणी हाकच मारत नसे. तो आणि त्याची मोठी बहीण ताई सुट्टीत मामाकडे आले होते. सोबतीला मामाची मुलगी पिटुकली होती. ती एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव घेत नसे. सकाळपासून तिघांचा डोळा एकाच बाईवर होता. गळ्यात टेप अडकवून ती मावशीच्या दगडी घराभोवती फिरत होती आणि भिंतीच्या एकेका दगडावर खडूने आकडे घालत होती.

मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेली होती, घराला कुलूप होतं. उद्या ती परत येणार होती. फोनवर तिने मुलांना बजावून ठेवलं होतं, की नव्या डोळ्याने पहिल्यांदा मी माझं दार बघणार, तोवर ते पुसून लख्ख ठेवा. अशा वेळी परक्या बाईने तिच्या भिंतीवर आकडे का घालावेत?

दगड चोरून कुणी काय करणार, असं ताईचं म्हणणं. पण जुने घडीव दगड लोक नव्या बंगल्यांना लावतात, हे पिटुकलीने कुठेतरी ऐकलं होतं. झालं, टेपवालीवर चोरीचा शिक्का बसला.

जेवून तिघं परत आली, तर टेपवाली गायब आणि भिंतीला शिडी! एक मुकादम खाली उभा होता आणि त्याची माणसं छपराच्या दगडी फरशा काढून अंगणात रचत होती.

"मामांनीच सांगितलंय घर उतरवायला," मुकादम म्हणाला. "पोरांनो, बाजूला व्हा."

मामांनी? स्वतःच्या बहिणीचं घर? मुलांच्या डोक्याचा पार भुगा झाला. ती धावत मामाच्या गिरणीवर गेली. मामा नखशिखांत पिठाने माखलेला होता. गिरणीच्या घरघराटात ओरडून ओरडून त्याने जे सांगितलं, त्याने गोंधळ आणखीच वाढला. ती टेपवाली चोर नव्हती, जुन्या घरांची जाणकार होती आणि मावशीनेच तिला बोलावलं होतं. मागच्या भिंतीला पोट आलं होतं म्हणे, ती मध्येच बाहेर फुगली होती. भिंत दुरुस्त करायची तर आधी घर दगडन् दगड उतरवायला हवं, असं त्या बाईनेच त्याला फोनवर सांगितलं होतं. मामालाही वाईट वाटत होतं, पण भिंत मावशीच्या अंगावर आली असती तर?

तिघं खाली मान घालून परतली. मावशी उद्या येईल आणि तिला दारच दिसणार नाही, या विचाराने ताईला रडू यायला लागलं. शंकासुर मात्र भिंतीकडे टक लावून बघत राहिला.

"ताई, एक नंबर सगळ्यात खाली का आहे?"

खरंच की! एक नंबरचा दगड पायाच्या कोपऱ्यात होता आणि आकडे वर छपराकडे वाढत गेले होते. घर पाडायचं असतं तर मोजायला वरून सुरुवात केली असती. ताईला काय ते पुरतं कळेना, पण काहीतरी चुकतंय एवढं नक्की. टेपवाली शाळेच्या खोलीत उतरली होती. ताई तिकडे पळत सुटली. तोवर मुकादमाला थोपवायचं काम उरलेल्या दोघांवर आलं.

माणसांनी आता दारावरच्या लांब दगडाला पहार लावली होती.

"काका, हे आकडे कशाला आहेत?" शंकासुराने विचारलं.

"कुठला दगड आधी काढायचा ते कळायला. बाईंचं काम पद्धतशीर असतं."

"म्हणजे एक नंबर आधी काढणार?"

"अर्थात."

"पण तो पायात आहे. तो काढला तर वरचे सगळे तुमच्या डोक्यावर येतील ना?"

मुकादम वाकला. त्याने एक नंबर पाहिला, मग वर पाहिलं, मग डोकं खाजवलं. तेवढ्यात पिटुकलीचं तोंड सुरू झालं. आकडे उलटे वाचायचे असतील का, मग शून्य कुठे, तिच्या बाई तर वजाबाकी उजवीकडून करायला सांगतात. ऐकता ऐकता माणसांनी पहारी खाली ठेवल्या आणि ती पाणी प्यायला बसली.

टेप फरफटत टेपवाली आली आणि तिच्यामागून ताईने बोलावलेला मामा.

"घर उतरवायला कुणी सांगितलं?" बाईला नीट श्वासही घेता येत नव्हता.

"तुम्हीच की," मामा गोंधळून म्हणाला. "फोनवर. घर दगडन् दगड उतरवायचं म्हणून."

"उतरवून घ्यायचं म्हणाले मी! कागदावर! कुठला दगड कुठे बसलाय त्याचं चित्र काढायचं, म्हणजे पोट आलेला तुकडा तेवढाच काढून पुन्हा होता तसा बांधता येतो. बाकी घर ठणठणीत आहे."

गिरणीच्या आवाजात मामाने 'उतरव' एवढंच ऐकलं होतं. त्याचा चेहरा पिठाशिवायही पांढरा पडला.

पण काढलेल्या फरशांवर तर आकडे नव्हते. त्या आता कुठे बसवायच्या? टेपवालीने मुलांना ढिगाकडे नीट बघायला सांगितलं. अशा छपराला खाली रुंद फरशा असतात आणि वर जाताना त्या लहान होत जातात. मग काय, मुलांनी आकाराप्रमाणे फरशा लावून दिल्या आणि ओशाळलेल्या मुकादमाने अंधार पडायच्या आत त्या चढवल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. ती गाडीतच बसून किती तरी वेळ दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या घराला आकडे कुणी शिकवले?"

मामाने सगळं कबूल केलं. मावशी आधी त्याच्यावर उखडली, मग मुलांना जवळ घेताना तिचा बरा झालेला डोळाही भरून आला. "तुझ्या शंकांना मी आजवर कंटाळायचे," ती शंकासुराला म्हणाली. "आता हव्या तेवढ्या काढ. त्यांनी माझं घर वाचवलं." टेपवालीने तर भिंत बांधताना तिघांना हाताखाली घ्यायचं कबूल केलं.

मामाने डोळे पुसले. "चला रे, मावशीचं सामान उतरवून घ्या."

जागचं कुणी हललं नाही.

"मामा," शंकासुर म्हणाला, "खाली की कागदावर?"