राखेच्या पाण्याची रांग

खोटं बोललात तुम्ही! गावाबाहेरच्या माळावर ट्रक भरभरून जुन्या बॅटऱ्या ओतल्यात, वर मातीचा पातळ थर पसरलात आणि पाटी ठोकलीत : 'या जमिनीत काही उगवत नाही.' उगवत नाही, की तुम्ही उगवू दिलं नाहीत? खुर्चीत बसून पाट्या लिहिणाऱ्यांनो, आता उर्मीची गोष्ट ऐका.

उर्मी नेवारे सहावीत होती. तिच्या शाळेनं त्याच माळावर करंजाची रोपं लावली. करंजाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून करंज. पण पाऊस सरेपर्यंत रोपं पिवळी पडली, वाळली. नळाजवळची एक रांग मात्र हिरवीगार!

मेलेली रोपं मोजायला तुम्ही रोबो पाठवलात. तो नाकात बोलायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं गेंगाण्या. त्यानं 'सगळी मेली' असं कळवलं, की माळावर सिमेंट ओतायचं, हे तुमचं आधीच ठरलेलं. पण गेंगाण्या त्या रांगेपाशी थबकला. त्यानं मातीत सळई खुपसली आणि शेजारी उभ्या उर्मीकडे वळला.

"इथंही कॅडमियम (बॅटऱ्यांतला एक विषारी धातू) तेवढंच आहे. मग ही कशी जगली? काय घातलंस?"

"मी? काही नाही रे!"

"काही नाही म्हणे!" मागून तिची आई कुंदा कडाडली. ती शाळेत खिचडी रांधायची. "पातेली घासून झाली की राखेचं पाणी नालीत टाक म्हटलं, तर ही आळशी रोज तिथंच ओतते!"

गाव भाताचं. तिथं काळी पातेली तुसाच्या (भाताच्या टरफलांच्या) राखेनंच घासतात.

गेंगाण्याचे डोळे चमकले. "राख! पण थांब. नुसतं पाणी जास्त मिळालं म्हणूनही जगली असतील."

"मग करून बघू," उर्मी म्हणाली. तिनं माळावरची माती डब्यांत भरली, रोपं लावली. अर्ध्यांना साधं पाणी, अर्ध्यांना तेवढंच राखेचं.

"पण तोवर सिमेंटची गाडी आली तर?" तिनं विचारलं.

"माझी मोजणी अपुरी आहे. अपुरा अहवाल मी पाठवत नाही," गेंगाण्या नाकातून गुरगुरला.

काही आठवड्यांनी साध्या पाण्याची रोपं माना टाकून बसली. राखेच्या पाण्याची ताठ!

गेंगाण्यानं पोटावरच्या पडद्यावर मुळाचा पातळ काप मोठा करून दाखवला. "तुसाच्या राखेत सिलिका (वाळूत असते तीच, सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जोडी) ठासून भरलेली असते. ती पाण्यात हळूहळू विरघळते. काही मातीतच धातूला धरून ठेवते. काही मुळात शिरते आणि पेशींच्या (सजीव ज्यांचे बनतात त्या अगदी बारीक कप्प्यांच्या) भिंतींत जाऊन बसते. मग बराच धातू मुळाशीच अडकतो, पानांपर्यंत कमी पोचतो."

"म्हणजे झाडानं कुंपण घातलं?"

"कुंपण घातलं, वर थोडा धातू पोचून बिघडलेल्या पानांची डागडुजीही चालू ठेवली."

उर्मी बघतच राहिली. वीतभर रोप! ना गवंडी, ना नकाशा, ना तुमची मंजुरी. तरी त्यानं आत भिंत बांधली.

"मग विष संपलं?"

गेंगाण्यानं डब्यातल्या मातीत पुन्हा सळई खुपसली. "नाही. विष आहे तिथंच आहे. रोप ते सोसतंय."

त्यानं अहवाल लिहिला : 'उगवतं.' गाडी आली नाही. भाताच्या गिरणीतली तुसाची राख माळावर आली, पोरांनी प्रत्येक खड्ड्यात मूठ मूठ टाकली. नव्या रोपांना तांबूस पालवी फुटली.

पण अहवाल पाठवायच्या आधी उर्मीनं गेंगाण्याचा हात धरला होता. "खाली माझी एक ओळ जोड."

ती ओळ तुमच्या टेबलावर आहे. वाचली नसेल, तर इथं वाचा :

'रोपं त्यांचं काम करतायत. तुम्ही बॅटऱ्या कधी उचलणार? तारीख सांगा.'