टोपण माझ्यापाशी

"पेन आहे का जरा?"

लायब्ररीच्या काउंटरवर हा प्रश्न मी दिवसभर ऐकते. त्यामुळे मान वर न करता मी पेन उघडलं, टोपण मुठीत ठेवलं आणि नुसतं पेन पुढे केलं. ही आमच्या आत्याची शिकवण. शाईचं ते पेन तिनंच मला दिलेलं, आणि देताना बजावलेलं, "कुणी मागितलं तर दे, पण टोपण आपल्यापाशी ठेव. बिनटोपणाचं पेन कुणी नेत नाही."

"याचं टोपण?"

"ते माझ्यापाशी."

"एवढा अविश्वास?"

आवाजात हसू होतं म्हणून मी वर बघितलं... आणि तिथंच माझं चुकलं. वाऱ्यानं विस्कटलेले केस, पाठीवर भलीमोठी बॅग, आणि बघणं असं, जणू आमची जुनी ओळख आहे.

आमची सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायला तो आला होता. जिथं काम तिथं मुक्काम, घर म्हणजे ती बॅग. समोरच्या टेबलावर त्यानं संसार मांडला – चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, घडीचा कप, आणि शेवटी टॉवेलात गुंडाळलेला एक जुनाट कीबोर्ड. त्यावरची अर्धी अक्षरं पुसली गेली होती. टेबल पुसायला म्हणून मी तो उचलायला गेले.

"त्याला हात नको, प्लीज."

"अहो, टॉवेलात बाळाला गुंडाळतात."

"याच्याशिवाय माझी बोटंच चालत नाहीत. हा मी कुणाला देत नाही. टोपण ठेवून घेऊनसुद्धा नाही."

मी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. तो मला टोपणबाई म्हणू लागला.

मग त्याच्या कीबोर्डची खटखट आणि माझ्या निबेची खरखर, असे दिवस जाऊ लागले. काही लिहायचं नसलं तरी तो पेन मागायला यायचा.

"आता कशाला?"

"सहीचा सराव करतोय."

अक्षर म्हणाल तर कुत्र्याचे पाय मांजराला. पण मी दरवेळी पेन द्यायचे, आणि ते परत येईपर्यंत टोपण मुठीत गरम व्हायचं. मला तो आवडत होता, फार आवडत होता. उद्या उठून पाठीवर घर टाकून जाणाऱ्या माणसात जीव गुंतवू नये, एवढं मलाही कळतं. कळतं, पण वळत नाही, त्याला काय करणार?

काम संपलं त्या दिवशी शेवटच्या कागदावर सही करायला त्यानं पेन घेतलं. सही झाली की बोलायचंच, असं मी ठरवलं होतं. "एक सांगायचं–" इथपर्यंत आलेही होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बस सुटत होती. बॅग पाठीवर टाकून तो पळाला... आणि माझं पेनही गेलं. वाक्य तोंडात राहिलं, टोपण मुठीत.

"नेलं ना?" घरी आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "टोपण तर तुझ्यापाशी आहे, मग परत आणून देईल."

"आणि नाही आला तर?"

ती शेंगा सोलत राहिली.

त्याचा नंबर होता माझ्याकडे. पण फोन केला असता, तर पेन हे नुसतं निमित्त आहे हे माझ्या आवाजानंच सांगून टाकलं असतं. टोपण पर्समध्ये घेऊन फिरत राहिले. बॉलपेननं लिहायचे आणि सगळ्यांवर चिडायचे.

एका दुपारी कानावर आलं,

"टोपण आहे का जरा?"

शर्टाच्या खिशावर निळा डाग. हातात माझं पेन, निबेवर वायरच्या रबराची कापलेली नळी.

"फोन करता आला असता," मी म्हटलं.

"कुरियरनं पाठवा म्हणाला असतात. मग मी यायचं कशाला?"

"निब सुकली असेल माझी."

"नाही सुकू दिली. रोज लिहायचो."

"तुम्ही? काय लिहायचात?"

"पत्ता... या लायब्ररीचा." तो खाली बघत म्हणाला. "जिथं जाईन तिथं कायमचा पत्ता विचारतात. मला दुसरा सुचतच नाही हल्ली."

मी कागदावर रेघ ओढून पाहिली. ती जाड आणि तिरकी उमटली. निब त्याच्या हाताला बसली होती.

"बिघडवलंत," मी म्हटलं, पण राग काही आणता येईना.

"संध्याकाळची बस आहे. पुढचं काम लांब आहे..."

पण या वेळी वाक्य मी तोंडात ठेवलं नाही. "मला तू आवडतोस. आणि तू सारखा निघतोस, ते मला अजिबात आवडत नाही."

मग बॅगेची चेन उघडून त्यानं टॉवेलाची गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावर, माझ्या बाजूला ठेवली.

"अरे, आणि तुझी बोटं?"

"अडखळतील. म्हणून तर काम संपलं की इथंच यावं लागेल." तो हळूच म्हणाला, "माझं टोपण आता तुझ्यापाशी."

मी पर्समधून टोपण काढलं, पेनाला लावलं, आणि पेन त्याच्या निळ्या डागाच्या खिशात अडकवलं.

"टोपणासकट?"

"टोपणासकट," मी म्हटलं.